टेलचं बूच

सटवाजी पाटकऱ्यांबद्दल चार शब्द चांगले लिहायचे, तर आधी एक कबुली दिलेली बरी. या माणसावर मी सात वर्षं जळलो. ते समोरून येताना दिसले की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचो, आणि पायात बहुतेक वेळा चप्पलच असायची.

जिंतूर तालुक्यात कालव्याच्या कडेला आमची सरकारी कॉलनी होती. पाठीला पाठ लावून क्वार्टरच्या दोन ओळी, मधून जेमतेम माणूस जाईल एवढा बोळ, एका टोकाला क्लब आणि पलीकडे साहेबांचा बंगला. मी तिथला वायरमन. आयटीआयचं सर्टिफिकेट मी काचेत बसवून बैठकीत लावलं होतं आणि आल्यागेल्याची नजर त्यावर पडेल अशा बेतानं खुर्ची मांडली होती. माझी इच्छा फार मोठी नव्हती. घरच्यांनी एकदा तरी म्हणावं, याच्या हातात कला आहे. पण अण्णा, म्हणजे माझे वडील, शेतीवाडीच्या घरातले. पोरगा खांबावर चढून तारा ओढतो याची त्यांना लाजच वाटायची. ते मला चारचौघांत 'ए वायरमन' अशी हाक मारायचे. मंदा, माझी बायको, सोनपेठकडची. ती काहीच म्हणायची नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

सटवाजी पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी चाऱ्यांना, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या लहान पाटांना, सोडणारा, दारं उघडणारा आणि मिटणारा माणूस. शिक्षण चौथीपर्यंत. अंगानं किडकिडीत, उंच, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात खाचा पाडलेली एक काठी. ती पाण्यात उभी करून ते किती पाणी चाललंय ते सांगायचे, आणि साहेबांचं माप नंतर त्याच खाचेवर यायचं. बोलणं बेताचं. एक वाक्य मात्र कायम तोंडात: "टेल भिजलं की पाळी झाली." चारीचं सुरुवातीचं टोक ते हेड आणि शेवटचं ते टेल. हेडवाल्याला पाणी मिळतंच, त्यात पाटकऱ्याची करामत काय? टेलच्या रानात चिखल दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की कॉलनीतल्या बारशाच्या पंगतीतसुद्धा ते शेवटच्या पाटावर बसायचे आणि वाढपी भाजीची बादली घेऊन आला की तिकडून हात करायचे, "इकडून चालू करा, इकडून." पंगतीच्या त्या टोकाला कोण बसतं आणि भाजी तिथवर येईस्तोवर बादलीत काय उरतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. ते बौद्ध होते. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत त्यांचं गावातलं घर जळालं होतं. हे घर जळाल्याचं मला त्यांच्या शेजारी सहा वर्षं राहिल्यावर कळलं, तेही मंदाकडून. मी विचारलंच नव्हतं. माझ्या जळण्यात त्यांची जात हीसुद्धा एक काडी होती, ते आता लपवून काय करू? मला माझ्याहून हुशार माणूस खपत नव्हता, आणि तो सटवाजींसारखा असावा हे तर मुळीच खपत नव्हतं.

आता व्हिडिओ. आमच्या क्लबात व्हीसीआर आला तेव्हा कॉलनीत दिवाळी झाली. दर रविवारी दुपारी जिंतूरहून एसटीनं कॅसेट यायची. पण बघायचं कसं? पुढं खुर्च्यांवर साहेब लोक, मागं सतरंजीवर कारकून, दाराशी उभे चौकीदार आणि पाटकरी. बायका तर फिरकतच नसत. जिथं सासरा, भाया आणि नवऱ्याचा साहेब बसलेत तिथं कोणती सून येऊन बसणार? तोवर निम्म्या क्वार्टरांत काळे-पांढरे टीव्ही आले होते. शाखा अभियंता साहेबांनी मला बोलावून विचारलं, "वायरमन, हा एकच व्हिडिओ सगळ्यांच्या घरात देता येईल का?"

मी म्हटलं, "त्यात काय साहेब, बल्ब जोडतो तसं जोडायचं."

आणि खरंच मी तसंच जोडलं. विजेची साधी वायर ओढली, प्रत्येक घरापाशी सोलली, पीळ दिला, टेप गुंडाळली. बंगल्याला वेगळी वायर दिली, आणि या एका वायरीवर आठ घरं जोडली. आमचं क्वार्टर क्लबाला लागून पहिलं. आमच्या बैठकीत चित्र दिसलं आणि अण्णा पहिल्यांदाच खुर्चीत सरसावून बसले. मी छाती काढून बाहेर आलो, तर तिसऱ्या घरातून ओरडा: "मुंग्या दिसायल्यात!" पाचव्या घरात मुंग्यासुद्धा दिसत नव्हत्या.

सटवाजी काठी घेऊन वायरीखालून चालत निघाले. प्रत्येक घराच्या खिडकीशी थांबायचे, आत बघायचे, पुढं जायचे. परत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वायरमनसाहेब, हेडवाल्यानंच समदं पाणी उचललंय. टेलला काय पोचंल?"

लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं अण्णा हसले. 'वायरमनसाहेब' हे सटवाजी चिडवायला म्हणत नसत, खरोखर मानानं म्हणत, हे मला कळत होतं, आणि त्यानं तर अंगाचा आणखीच तिळपापड व्हायचा.

पुढच्या आठवड्यात सटवाजी परभणीला गेले आणि तिथल्या एका रेडिओवाल्यापाशी दिवसभर बसून आले. येताना टीव्हीची गोल वायर, एक बूस्टर आणि प्रत्येक घरासाठी एकेक डबी घेऊन आले. डबी म्हणजे दार. "म्होरच्याला दार बारीक ठेवायचं, मागच्याला मोठं. न्हाईतर टेलवाला बोंबलतच ऱ्हातो." मला त्यांनी मदतीला घेतलं. घेतलं म्हणजे, खांबावर चढायला. चित्र आठव्या घरापर्यंत पोचलं, पण प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली उभी. नायिकेला दोन नाकं, घोड्याला आठ पाय.

मी म्हटलं, "कॅसेट खराब आहे." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

शेवटचं क्वार्टर सटवाजींचंच होतं, मागच्या ओळीत, बरोबर आमच्या पाठीला. ते घरात जाऊन पडद्यासमोर उकिडवे बसले. बऱ्याच वेळानं बाहेर आले. "चित्र माघारी यायलंय," म्हणाले.

"म्हणजे?"

"चारीचं त्वांड बंद ठिवलं अन् पाणी जाऊन धडकलं, तर लाट माघारी येती का न्हाई? तसंच हाय हे. त्येला टोकाला जिरवायला लागतंय."

पुन्हा परभणी, पुन्हा तो रेडिओवाला. या वेळी ते शर्टाच्या खिशातून ज्वारीच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर घेऊन आले. वायरीच्या शेवटच्या टोकाला तो लावला आणि आठही घरांतल्या सावल्या एकदम गेल्या. कॉलनीनं त्याला नाव दिलं बूच. माझ्या सर्टिफिकेटच्या अभ्यासात हे बूच नव्हतं. मी त्या रात्री जेवलो नाही. पोटात दुखतंय असं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

आता सगळ्या घरांत एकच सिनेमा दिसणार म्हटल्यावर भांडण उभं राहिलं: सिनेमा कुणाच्या आवडीचा? सटवाजींनी त्यालाही पाटकऱ्याचाच तोडगा काढला. शेजपाळी लावली. शेजपाळी म्हणजे टेलपासून हेडकडं, क्रमानं, एकेकाची पाळी. फक्त टेलच्या आपल्या स्वतःच्या घराचं नाव त्यांनी उचलून सगळ्यांच्या शेवटी, साहेबांच्याही खाली लिहिलं. पहिल्या रविवारी सातव्या घरातल्या चौकीदाराच्या बायकोनं देवीचा सिनेमा मागवला, आणि बंगल्यावर साहेबांनी, बाईसाहेबांनी आणि पुण्याहून आलेल्या त्यांच्या मेहुण्यांनी तो मुकाट्यानं पाहिला. साहेब दुसऱ्या दिवशी सटवाजींना म्हणाले, "चांगला होता." चौकीदाराची बायको महिनाभर कॉलनीत ताठ मानेनं चालली. मी मनात म्हणत होतो, या माणसाला हे सुचतं कुठून? आणि मला का सुचत नाही?

खरी मिरची झोंबली ती पुढं. एके सकाळी सटवाजी मला कालव्यावर भेटले. नाडी बांधायला वाकायच्या आत त्यांनी गाठलं.

"साहेब, एक इचारू का? राग मानू नका. ताई शिनेमा कुठं बघत्यात?"

"कुठं म्हणजे? घरातच की."

"टीव्ही बैठकीत हाय. बैठकीत अण्णा बसतेत."

दोन महिने झाले होते. दर रविवारी अण्णा आणि मी टीव्हीसमोर, मंदा आतून चहा आणून दाराशी ठेवायची आणि परत जायची. ती काय करते आत, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"आमच्या टीव्हीचा आवाज बोळात येतोय," सटवाजी खाली बघत म्हणाले. "ताई खिडकीत हुबं राहून निसतं आयकत असत्यात. आमची कारभारीण म्हनली, त्येंनाबी दिसाया पायजे."

साहेबांकडं नवा रंगीत टीव्ही आल्यावर जुना अडगळीत पडला होता. तो बाईसाहेबांकडून सटवाजींनी मागून आणला. आपल्या घरापाशी संपणारी वायर बोळातून पुढं वाढवली आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आणली. म्हणजे गंमत बघा, एकाच घरात, बैठकीत हेड आणि चुलीपाशी टेल.

सटवाजी खिडकीबाहेर बोळात उभे राहिले. मंदा म्हणाली, "मामा, आत या की." बैठकीतून अण्णा खाकरले. तसल्या खाकरण्याचा अर्थ आमच्याकडं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सटवाजींनी वायरीचं टोक गजातून आत दिलं. "मी हितंच बरा हाय, ताई. जोडायचं तेवढं साहेब जोडतील. त्येंचा हात साफ हाय."

माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या बायकोसाठी, बाहेर उभ्या माणसाच्या सांगण्यावरून मी ते बूच माझ्या हातानं बसवलं. चित्र आलं. मंदानं ओला हात पदराला पुसला आणि पडद्याच्या काचेला लावून बघितला. मग खिडकीकडं वळून म्हणाली, "मामा, लय झ्याक दिसायलंय हो." खिडकीकडं वळून. मी तिच्यापासून हातभर अंतरावर पकड घेऊन उभा होतो.

तीन-चार आठवडे असे गेले. मंदा गुणगुणायला लागली. भाकरी थापताना सिनेमातली वाक्यं म्हणायची, शेजारच्या बायकांना बोलावून घ्यायची. घरात आनंद आला होता, आणि तो मी आणला नव्हता, एवढं एकच मला दिसत होतं. आणि मग शेजपाळी फिरत फिरत शेवटी सटवाजींच्या नावापाशी आली. कॉलनीत उत्सुकता, मामा काय मागवतात? शनिवारी मंदा मला म्हणाली, "अहो, मामांनी त्यांची पाळी मला दिली."

"तुला?"

"म्हनले, तुमच्या घराच्या पाळीला अण्णांच्याच आवडीचा आला. आता तुमी सांगा. मी सांगितला." आणि तिनं एका जुन्या मराठी सिनेमाचं नाव घेतलं. सोनपेठच्या बाजाराला तंबू लागायचा, तिथं लग्नाच्या आदल्या वर्षी तिन्ही बहिणींनी मिळून तो बघितला होता. त्यानंतर थोरली वारली. हे सगळं तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, आणि मामांना आधी सांगितलं होतं.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मी कधी विचारलं असतं तर तिनं मलाही सांगितलं असतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला फक्त एवढंच कळलं की सटवाजी एकदा तरी सगळ्यांसमोर तोंडघशी पडले पाहिजेत.

रविवारी मंदानं दुपारी लवकर आवरलं. धुवट लुगडं नेसली. शेजारच्या दोघी आल्या, त्यांना पाट मांडले आणि ती साखर आणायला पलीकडच्या घरी गेली. त्या दोघी दारात गप्पा मारत होत्या. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो, टीव्हीच्या मागं हात घातला, बूच ओढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. एवढंसं काम. हात खरंच साफ होता.

सिनेमा सुरू झाला आणि आठही घरांतून एकच गिल्ला उठला. "मामा, दोन-दोन दिसायलेत!" "सटवाजी, काय केलंत हे?" बंगल्यावरून शिपाई धावत आला. मी बैठकीत गंभीर चेहरा करून बसलो होतो. आतून मात्र उकळ्या फुटत होत्या. सटवाजी घराघराशी थांबत वायरीखालून येताना दिसले आणि मला वाटलं, आता सांगा म्हणावं टेलच्या गोष्टी.

तेवढ्यात माझी नजर आत गेली. मंदा पडद्यासमोर बसली होती. सिनेमातली ती सगळी माणसं दोन-दोन होऊन थरथरत होती आणि ती डोळे बारीक करून त्यांतलं खरं कोणतं ते शोधत होती. तक्रार नाही, ओरडा नाही. नुसती बघत होती.

सटवाजी बोळात खिडकीशी आले. "ताई, टेल तुमच्याकडं हाय. साहेबांना म्हनावं, मागं बघा जरा." मी उठेना. आणि मग बैठकीतून अण्णा कडाडले. त्यांना सिनेमाची चटक लागली होती. "अरे सटवा, भायेर काय हुबा ऱ्हायलास! जा की आत, बघ काय झालं ते! शिनेमा चाललाय तिकडं!"

आमच्या घराच्या उंबऱ्यात सटवाजी त्या दिवशी पहिल्यांदा आले, आणि आले ते थेट चुलीपर्यंत. मीही मागोमाग गेलो. त्यांनी टीव्हीमागं वाकून बघितलं. उघडं टोक बोटानं चाचपलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि माझा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला.

मी वाट बघत होतो. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर मी त्या घरात पुन्हा मान वर करू शकलो नसतो. मंदा दाराशी उभी होती, शेजारणी तिच्या मागं, अण्णा बैठकीतून मान लांब करून.

सटवाजींनी आपल्या खिशातून दुसरं बूच काढलं. एक जादा ते नेहमी जवळ ठेवत. ते माझ्या हातात दिलं. "बसवा, साहेब," म्हणाले, आणि मंदाकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "साहेबांनी धरलं बघा बराबर. टेल उघडं हुतं. माझीच गलती, घट्ट बसवाया सांगितलं न्हवतं. मी आठ घरं हिंडलो, अन् ह्येंनी घरबसल्या वळखलं. शिकलेल्या मान्साचं काम येगळं असतंय."

मी बूच बसवलं. चित्र एक झालं. बोळातून टाळ्या ऐकू आल्या.

मंदानं माझ्याकडं बघितलं. अकरा वर्षांत तिनं तसं बघितलं नव्हतं. सिनेमा सोडून ती उठली, आधी मला चहा दिला, मग मामांना. मामांनी तो बोळात जाऊन प्यायला. अण्णा शेजाऱ्याला सांगत होते, "आमच्या पोरानं धरलं. हातात कला हाय त्येच्या." ज्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं जीव टाकत होतो ते वाक्य मला मिळालं, आणि तेही सटवाजींनीच दिलं. चहा कडू लागत होता. मी तो सगळा प्यालो आणि गप्प बसलो. त्या दिवशी गप्प बसलो आणि नंतर खरं सांगायची वेळ कधी आलीच नाही. मंदा ती गोष्ट पाव्हण्यारावळ्यांना सांगत राहिली, दर वेळी थोडी वाढवून.

मला वाटलं होतं, यानंतर जळणं थांबेल. थांबलं नाही. उलट वाढलं. आधी मला त्यांच्या डोक्याचा हेवा वाटायचा, आता त्यांच्या मनाचा वाटायला लागला, आणि ते तर कुठल्याच आयटीआयमध्ये शिकवत नाहीत. अण्णा आजारी पडले तेव्हा शेवटच्या दिवसांत ते 'सटवाजी' म्हणायला लागले, पुढं 'जी' लावून. "सटवाजीला बोलवा." मला अखेरपर्यंत 'ए वायरमन'.

ज्या संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर झालं, त्याच महिन्याच्या अखेरीस सटवाजी रिटायर झाले. नामांतराच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आठही घरांत पेढे वाटले, नेहमीप्रमाणं टेलपासून हेडकडं, त्यामुळं आमच्याकडं शेवटी आले. मंदानं त्यांना तिळगूळ दिला. आता चुलीपाशी पाट ठरलेला होता त्यांचा.

जायच्या दिवशी टेम्पोत सामान चढलं: दोन पेट्या, बाबासाहेबांची तसबीर चादरीत गुंडाळलेली, टीव्ही, आणि वर ती खाचांची काठी. सगळी कॉलनी जमली होती. मी घरात जाऊन कपाटाच्या खणातून ते चोरलेलं बूच काढलं. सात वर्षं ते तिथं कापसात गुंडाळून ठेवलं होतं. मुठीत घेऊन मी टेम्पोपाशी गेलो. ठरवलं होतं, काही बोलायचं नाही, नुसतं हातात द्यायचं.

मूठ पुढं केली. सटवाजींनी ती उघडू दिली नाही. आपल्या दोन्ही हातांत धरून मिटूनच ठेवली. हात खरखरीत होते, पाण्यात राहून राहून भेगाळलेले.

"तुमच्यापाशीच असू द्या, साहेब," ते हळूच म्हणाले. "टेल तुमच्या घरात हाय."

मग ते टेम्पोत, मागच्या बाजूला, सामानाच्या शेवटी बसले. कालव्याच्या वळणापर्यंत त्यांची काठी तेवढी दिसत होती.

मंदा पदरानं डोळे पुसत होती. "काय देत होता हो मामांना?"

"काही नाही."

ती शेजारणीला म्हणाली, "ह्यांच्यावर लय जीव होता बघा मामांचा," आणि पुन्हा रडायला लागली. मी मूठ तशीच खिशात घातली. आणि खरं सांगतो, त्या वेळीसुद्धा माझ्या मनात आलं ते एवढंच, की मी गेलो तर ही एवढी रडेल का.